नवव्या दिवसानंतर मोडलेलं ध्यान

वाचकाचं पत्र:

ताई, मी उदगीरजवळच्या एका गावातला. पुण्यात एमएस्सी स्टॅटिस्टिक्सच्या दुसऱ्या वर्षाला आहे. कॉट बेसिसवर आम्ही तिघं एका खोलीत राहतो. गेल्या सेमिस्टरला एक विषय राहिला, तेव्हा ठरवलं की आता आयुष्याला शिस्त लावायची. यूट्यूबवर बघून टाइमटेबल केलं. पाचला उठणं, थंड पाण्याची अंघोळ, वीस मिनिटं ध्यान, सूर्यनमस्कार, डायरी, साखर बंद, रात्री नऊनंतर मोबाइल बंद. नऊ दिवस जमलं, दहाव्या दिवशी उठलोच नाही. तेव्हापासून रात्री अडीच-तीनपर्यंत मोबाइल, सकाळचं पहिलं लेक्चर बुडणं, नाश्त्याऐवजी चहा-क्रीमरोल, असं चाललंय. मध्ये विभागात माइंडफुलनेसची सक्तीची कार्यशाळा झाली. 'मन रिकामं करा, विचार येऊ देऊ नका' असं तिथं सांगितलं. मी डोळे मिटले की उलट जास्तच विचार येतात. बाबांचं सोयाबीन, सोसायटीचं कर्ज, राहिलेला विषय, सगळं एकदम. छाती धडधडायला लागते. शेजारी बसलेला मित्र मात्र शांत होता. माझं मन यासाठी बनलेलंच नाही का? कधीकधी वाटतं, सगळं सोडून कुठंतरी निघून जावं. इगतपुरीला दहा दिवस विपश्यनेला जाऊन आलो तर फरक पडेल का? परीक्षा सहा आठवड्यांवर आली आहे.
अस्थिर, पुणे

प्रिय अस्थिर,

तुझ्या पत्रातलं शेवटून तिसरं वाक्य मी आधी घेते. 'सगळं सोडून कुठंतरी निघून जावं.' मुलींच्या वसतिगृहात रेक्टर होते तेव्हा हे वाक्य मी खूपदा ऐकलं. बहुतेक वेळा त्याचा अर्थ इतकाच असायचा की चार दिवस घरी जावं, आईच्या हातचं गरम जेवावं आणि कुणी मार्कांचं विचारू नये. पण काही वेळा अर्थ वेगळा निघाला, आणि तो आधी विचारला म्हणूनच कळला. म्हणून तुलाही सरळ विचारते. तुला जीव नकोसा वाटतो का? उत्तर 'हो' असेल, किंवा 'हो' आणि 'नाही' यांच्या मध्ये कुठं घुटमळत असेल, तरी हे पत्र इथंच ठेव आणि १४४१६ हा नंबर लाव. ती टेली-मानस ही सरकारी सेवा आहे. ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, मोफत आहे, चोवीस तास आहे आणि मराठीत बोलता येतं. शिवाय खोलीतल्या दोघांपैकी ज्याच्याशी जास्त पटतं त्याला आज रात्रीच सांग. 'मला बरं वाटत नाहीये, माझ्याजवळ थांब' एवढं म्हटलं तरी पुरे.

तसं नसेल असं धरून पुढचं लिहिते.

कार्यशाळेत तुम्हाला 'मन रिकामं करा' असं सांगितलं, ते मला मान्य नाही. त्या एका सूचनेपायी कितीतरी मुलं पहिल्याच दिवशी स्वतःला नापास करून मोकळी होतात. मनाचं काम विचार करणं. कानाला 'ऐकू नकोस' म्हणून बंद करता येत नाही, तसंच ते. ध्यानात विचार थांबवायचे नसतात.

माइंडफुलनेस हा शब्द आपल्याकडे अमेरिकेहून फिरून आला. जॉन कबात-झिन यांनी १९७९ मध्ये मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्रात जुनाट दुखण्यांनी त्रासलेल्या रुग्णांसाठी एक वर्ग सुरू केला. त्या वर्गाचा आठ आठवड्यांचा नमुना पुढं दवाखान्यांत, कंपन्यांत आणि विद्यापीठांत पोचला. पण त्याच्या मुळाशी पालीतला 'सति' हा शब्द आहे, म्हणजे संस्कृतातली स्मृती. आठवण. कसली आठवण? आत्ता या घडीला आपण कुठं आहोत, काय करतोय, याची. मराठीत यासाठी अगदी घरातला शब्द आहे: भान.

गॅसवर दूध ठेवून पोर खिडकीत उभी राहते. दूध वर येतं आणि आई आतून ओरडते, 'अगं, भान आहे का?' पोर दचकते आणि गॅसकडे धावते. ते दचकणं आठव. 'अरेच्चा, मी होते कुठं?' हे ज्या क्षणी कळतं, तो भानावर येण्याचा क्षण. ध्यान म्हणून जे काही आहे ते या क्षणात आहे. कुणी ओरडण्याची वाट न बघता तो आपला आपल्याला यावा, यासाठीच रोजचा सराव.

आता तुझा हिशोब पुन्हा मांडू. समज, वीस मिनिटांत तुझं मन चाळीस वेळा सोयाबीनकडे गेलं आणि चाळीस वेळा 'अरे, गेलं' हे तुझ्या लक्षात आलं. म्हणजे तू चाळीस वेळा भानावर आलास. तालमीत पोरं जोर-बैठका मोजतात तसं ते मोज. तू ते चाळीस पराभव म्हणून मोजलेस. शेजारच्या मित्राचं म्हणशील, तर तुला त्याचा फक्त चेहरा दिसत होता. डोळे मिटून तो परीक्षेचा फॉर्म भरत नव्हता हे तुला कसं ठाऊक?

छाती धडधडते हे मात्र मी बाजूला काढून बघते. काही जणांना श्वासाकडे लक्ष दिलं की बरं वाटण्याऐवजी घाबरल्यासारखं होतं. तो दोष नाही, आणि 'असंच बसून राहा, निघून जाईल' हा सल्ला मी तुला देणार नाही. तू डोळे मिटूच नकोस. खुर्चीवर बस, पाठ टेकलेली असू दे, चप्पल काढ आणि दोन्ही तळपाय फरशीवर ठेव. नजर समोर हातभर अंतरावर जमिनीकडे. लक्ष श्वासाकडे न देता तळपायांकडे दे. फरशी गार आहे, टाच जास्त टेकली आहे, एका पायाला घाम आहे, जे असेल ते. विचार आला की त्याला एका शब्दात नाव दे: 'कर्ज', 'पेपर', 'बाबा'. मग परत तळपायाकडे. तीन मिनिटं झाली की उठायचं. मोबाइलवर गजर लाव आणि तीन मिनिटं संपल्यावर बरं वाटत असलं तरी ऊठ. पहिले दोन आठवडे वाढवायचं नाही. मध्येच धडधड वाढली तर थांब, खोलीत चार फेऱ्या मार, पाणी पी. रोजच वाढत असेल तर बसणं बंद कर आणि डॉक्टरांना दाखव.

इगतपुरीबद्दल विचारलंस. मी स्वतः तिथला दहा दिवसांचा वर्ग केलेला आहे, तेव्हा माझ्या मनात त्या जागेविषयी आदर आहे. ते केंद्र उभारणारे सत्यनारायण गोयंका ब्रह्मदेशात जन्मले, तिथं सयाजी ऊ बा खिन यांच्याकडे विपश्यना शिकले, १९६९ मध्ये ही विद्या घेऊन भारतात आले, आणि १९७६ पासून इगतपुरीच्या धम्मगिरी केंद्रात वर्ग होऊ लागले. शुल्क घेत नाहीत, आधी शिकून गेलेल्यांच्या दानावर सगळं चालतं. पण तिथला दिवस कसा असतो ते ऐक. पहाटे चारला घंटा. दिवसभरात दहा तासांच्या आसपास बसणं. मोबाइल पहिल्या दिवशीच जमा. दहाव्या दिवसापर्यंत कुणाशी बोलणं नाही, खुणासुद्धा नाहीत, गरज पडली तर फक्त शिक्षकांशी आणि व्यवस्थापकांशी. पहिले तीन दिवस नाकपुडीपाशी श्वास बघायचा. ज्या मुलाला आज पाच मिनिटं श्वास बघून धडधडतं, त्यानं परीक्षेच्या तोंडावर तिथं जाऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे. प्रवेश अर्जातच मानसिक त्रासाबद्दल विचारतात, ते उगीच नाही. पुढच्या वर्षी, झोप जागेवर आल्यावर, जायचं मनात असेल तर जरूर जा. पळून जायला म्हणून जाऊ नकोस. पोचलेल्या माणसाला सगळ्यात आधी भेटतं ते त्यानं घरी सोडलेलंच.

आता झोप. तुझ्या पत्रातली खरी गाठ इथं आहे आणि ध्यान हा तिचा एक लहानसा दोरा आहे. पाचला उठायचं तर रात्री दहाच्या आत पडावं लागतं. तीन जणांच्या खोलीत दहाला दिवा बंद होतो का? म्हणजे तू नऊ दिवस पाच-सहा तासांच्या झोपेवर थंड पाण्यानं अंघोळ करत होतास. दहाव्या दिवशी उठला नाहीस ते आळसानं नव्हे. शरीरानं थकबाकी वसूल केली. तुझ्या वयाला सात ते नऊ तास लागतात.

आणखी एक गोष्ट, जी घरी स्वतंत्र खोली असलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलाला कॉट हेच सगळं घर असतं. तिच्यावरच बसून अभ्यास, डबा उघडून जेवण, पिक्चर, घरी फोन आणि त्याच गादीवर झोप. आता शरीरानं ओळखायचं कसं की ही जागा झोपायची आहे? म्हणून अभ्यास ग्रंथालयात किंवा अभ्यासिकेत कर. जेवण मेसमध्ये जाऊनच. कॉटवर फक्त रात्री आडवं व्हायचं. मोबाइलचा चार्जर दाराजवळच्या बोर्डावर, उशीपासून लांब. गजरासाठी मोबाइल उशाशी लागतो असं म्हणशील. दीड-दोनशे रुपयांत साधं गजराचं घड्याळ मिळतं, ते घे.

झोपायची वेळ ठरवू नकोस, ती हातात नसते. उठायची वेळ ठरव. सकाळी सात. रात्री तीनला झोपलास तरी सात, रविवारीही सात. पहिले चार-पाच दिवस जड जातील, डोळे चुरचुरतील. दुपारी वाटलं तर वीस मिनिटं पड, जास्त नाही. उठलास की खोलीत थांबू नकोस, बाहेर उजेडात जा. सकाळचा उजेड डोळ्यांत गेला की शरीराचं घड्याळ लागतं आणि त्याच घड्याळानं रात्री झोप लवकर यायला लागते. आणि रात्रीचा टपरीवरचा चहा सोड. चहातलं कॅफिन निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात. अकराला घेतलेला चहा पहाटे चारपर्यंत निम्मा अंगात असतो, मग तू मोबाइलला दोष देतोस. दुपारी चारनंतर चहा नको एवढं एक पथ्य. साखर बंद वगैरे आत्ता काही नको.

तू एकदम सात सवयी धरल्यास. तुझ्या विषयातला दाखला देते. २०१० मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या फिलिपा लॅली आणि सहकाऱ्यांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ९६ जणांना प्रत्येकी एकच नवी गोष्ट निवडायला सांगितली होती, न्याहारीनंतर पाणी पिणं, रात्रीच्या जेवणाआधी पंधरा मिनिटं धावणं असली साधी, आणि बारा आठवडे नोंद ठेवली. ती गोष्ट आपोआप व्हायला लागण्याचा मध्यक निघाला ६६ दिवस. मध्यकावर थांबू नये हे तुला मी सांगायला नको. विस्तार १८ दिवसांपासून २५४ दिवसांपर्यंत होता (बारा आठवड्यांपुढचे आकडे नोंदींवरून काढलेला अंदाज). म्हणजे नवव्या दिवशी काहीच ठरत नाही, कुणाच्याच बाबतीत. आणि त्यांना असंही दिसलं की मध्ये एखादा दिवस चुकला तरी सवय लागण्यात फारसा फरक पडत नाही. तू दहावा दिवस चुकवलास म्हणून अकरावा सोडलास. तुझं खरं नुकसान अकराव्या दिवशी झालं.

म्हणून आता एकच धर: सातला उठणं. आणि तीन मिनिटांचं बसणं त्याच्याच शेपटाला बांध. दात घासून झाले की खुर्ची. वेगळी वेळ काढायची नाही, आधीच रोज होणाऱ्या गोष्टीला ते चिकटलेलं असलं की आठवण ठेवावी लागत नाही. डायरी, सूर्यनमस्कार, थंड पाणी यांना परीक्षेनंतर बघू.

या ध्यानाचा उपयोग होतो का, हे तू विचारलं नाहीस, पण स्टॅटिस्टिक्सवाला मनात विचारणारच. केंब्रिज विद्यापीठात ६१६ विद्यार्थ्यांवर एक चाचणी झाली. चिठ्ठ्या टाकल्यासारखी यादृच्छिक पद्धतीनं दोन गटांत वाटणी, एका गटाला विद्यापीठाची नेहमीची मदत, दुसऱ्याला त्याशिवाय आठ आठवड्यांचा माइंडफुलनेस वर्ग. खरी परीक्षा अर्थातच वार्षिक परीक्षेच्या दिवसांत बघितली. नेहमीच्या गटातले ५७ टक्के विद्यार्थी मानसिक त्रासाच्या ठरलेल्या रेषेच्या वर होते, वर्ग केलेल्यांतले ३७ टक्के. फरक चांगला आहे. तरी ३७ टक्के मुलं वर्ग करूनही त्रासात होती, हेही त्याच आकड्यांत लिहिलेलं आहे. आणि ती सगळी आपणहून आलेली मुलं होती. उलट ब्रिटनमधल्याच ८५ शाळांत ११ ते १४ वयाच्या मुलांना वर्गात सरसकट माइंडफुलनेस शिकवलं, त्याचे निष्कर्ष २०२२ मध्ये आले. नेहमीच्या शिकवण्यापेक्षा काही फायदा दिसला नाही. बहुतेक मुलांनी घरी सराव केलाच नव्हता. तुमच्या सक्तीच्या कार्यशाळेत सभागृह भरलं असेल, पण कुणाला बोट धरून भानावर आणता येत नाही. त्या एका दुपारवरून स्वतःच्या मनाचा निकाल लावू नकोस.

खाण्याबद्दल थोडंच. सातला उठलास की मेसचे पोहे-उपमा मिळतील, क्रीमरोलची गरज आपोआप जाईल. रिकाम्या पोटी गोड चहावर अकरा वाजेपर्यंत राहिलं की हात थरथरतात, चिडचिड होते, आणि त्यालाच आपण 'टेन्शन' म्हणतो. खोलीत फुटाणे, शेंगदाणे आणि गूळ ठेव. आणि पुण्यात रविवारी संध्याकाळी मेस बंद असते. वसतिगृहात माझ्याकडे रडत येणाऱ्या मुलींची सगळ्यात जास्त गर्दी रविवारी रात्री व्हायची. घरची आठवण, दुसऱ्या दिवशीचं लेक्चर आणि पोटात काही नाही. पुढं मी रविवारी रात्री सगळ्यांसाठी मुगाची खिचडी लावायला सुरुवात केली आणि गर्दी खरंच कमी झाली. तुम्ही तिघं मिळून रविवारची सोय आधी ठरवा. इंडक्शन असेल तर खिचडीला अर्धा तास लागतो. एकानं तांदूळ धुवायचे, दुसऱ्यानं कांदा चिरायचा. कांदा चिरताना फक्त कांदा चिरायचा, मोबाइल लांब. तेही बसण्याइतकंच कामाचं आहे.

एका गोष्टीची मात्र मला काळजी वाटते. हल्ली विद्यार्थ्याला कसलाही त्रास झाला की त्याच्या हातात ध्यानाचं ॲप दिलं जातं. फी वेळेत भरता येत नाही, गाइड उत्तर देत नाहीत, निकाल लांबतो, आणि सांगितलं जातं की श्वास घ्या. मी तुला तळपायाकडे लक्ष द्यायला सांगितलं ते सहन करत राहावं म्हणून नाही. डोकं जरा जागेवर आलं की पुढचं पाऊल टाकता यावं म्हणून सांगितलं. तुझ्या पुढ्यात अशी तीन पावलं आहेत.

राहिलेल्या विषयाचं पहिलं. उत्तरपत्रिकेची छायांकित प्रत मागता येते का, हे परीक्षा विभागात विचार आणि कुठं गुण गेले ते डोळ्यांनी बघ. त्या विषयाच्या प्राध्यापकांना एकदा भेट. 'मला हा भाग कळला नाही' असं म्हणत दारात येणारा विद्यार्थी शिक्षकाला आवडतो, हे मी अनेक वर्षं शिकवल्यावर सांगते आहे.

दुसरं, समुपदेशक. जुलै २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं सांगितलं आहे की शंभर किंवा त्याहून जास्त विद्यार्थी असलेल्या शिक्षण संस्थेनं निदान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा. तुमच्याकडे कोण आहे हे कार्यालयात विचार. विचारायचा तुला हक्क आहे, उपकार मागत नाहीयेस. धडधड आणि झोप दोन्ही त्यांच्या कानावर घाल.

तिसरं सगळ्यात अवघड. डोळे मिटले की कर्ज दिसतं म्हणतोस. ते कर्ज किती आहे, तुला माहीत आहे का? तुझ्या पत्रात आकडा नाही, आणि मला वाटतं तो तुला कुणी सांगितलेलाच नाही. घरी म्हणत असतील, 'तू अभ्यास कर, इकडचं आम्ही बघतो.' प्रेमानंच म्हणतात. पण न सांगितलेलं कर्ज रात्री दोन वाजता वाटेल तेवढं मोठं होतं. तू आकड्यांचा माणूस आहेस. बाबांना विचार: सोसायटीचं किती, मुदत कधीची, व्याज किती, यंदा सोयाबीन किती क्विंटल निघालं, कुणाकडून हातउसने घेतलेत का. वहीत लिहून घे. भरायचं कसं हे त्याच फोनवर ठरवू नकोस, फक्त ऐक. राहिलेल्या विषयाचंही तेव्हाच सांगून टाक, ते अजून सांगितलं नसशील तर. बाबा रागावतील, गप्पही होतील. फोन चालू असेपर्यंत तळपाय फरशीवर ठेव.

रात्री उशिरा लावू नकोस, दिवसभराचे थकलेले असतात. संध्याकाळी शेतातून येऊन हातपाय धुतात, ओट्यावर चहा घेतात, ती वेळ गाठ.

तुझी,
ताई